सूचना : कोल्हापुरी चपलांचे फोटो पुन्हा काढून पाठवा

सर्व कारागीर सभासदांना नमस्कार.

ऑनलाइन यादीसाठी आलेले निम्मे फोटो परत पाठवावे लागत आहेत. माल चांगला आहे, फोटो नाही. मागच्या महिन्यात माझाच एक जोड परत आला. पिवळ्या बल्बखाली फोटो काढला होता, गिऱ्हाइकाला वाटलं चप्पल तांबूस आहे. हातात पडली ती फिकट बदामी.

म्हणून दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पण थेट उन्हात नको. घरातले दिवे बंद, फ्लॅश बंद, फिल्टर तर नकोच. खाली साधा पांढरा कागद अंथरा. फुलाफुलांची चादर कृपया नको. फोटोआधी तेल लावू नका, चामडं चकाकतं आणि वेणीची, म्हणजे पट्ट्यावरच्या चामड्याच्या गुंफणीची, वीण दिसत नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, मोबाईलची काचसुद्धा.

मोबाईल अगदी जवळ नेला की अंगठ्याकडचा भाग फुगतो आणि टाच बारीक दिसते. दोन हात मागे सरका, मग झूम दुप्पट करा. जोड तिरका ठेवून एक, वरून एक, तळाचा एक आणि कान (बाजूच्या चामडी पट्ट्या) आणि वेणीचा जवळून एक फोटो हवा. तळाच्या फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा, मापाची निम्मी विचारणा तिथेच मिटते.

कोल्हापुरीला २०१९ साली जीआय मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येतं) मिळालं. यंत्राच्या मालापेक्षा आपला वेगळा ओळखू यायचा तर हाताची शिवण स्पष्ट दिसायला हवी.

व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दबतो. रविवारी संध्याकाळपर्यंत.

– चिटणीस