शिफ्टचा तक्ता पंधरा दिवस आधी लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यातली रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून कामाच्या तासांवर बरेच बोलले आणि लिहिले गेले. मला त्याच्या शेजारचाच एक प्रश्न मांडायचा आहे. ड्युटी किती तासांची, याइतकेच ती कधी लागणार हे माणसाला किती आधी कळते, यावरही त्याची झोप, त्याचे घर आणि त्याचे मन अवलंबून असते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडी ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसमध्ये माझी सगळी नोकरी झाली. मस्टर म्हणजे हजेरीपट, शिफ्टचे तक्ते, रजेचे अर्ज, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे कागद, सगळे माझ्या टेबलावरून जायचे.

माणूस आतून खचायला लागला की ते डॉक्टरच्या आधी मस्टरवर दिसते. वर्षानुवर्षे खाडा न केलेला, साचे करणारा मोल्डर मध्येच खाडे करू लागतो. ओतलेला माल घासून साफ करणारा फेटलिंगचा पोरगा हाफ डे टाकून निघतो, कारण विचारले तर 'डोकं दुखतंय' एवढेच. कुणाची उचल वाढते. एखादा ओव्हरटाइम सोडतच नाही, कारण त्याला घरी जायचे नसते. या खुणा टाइम ऑफिसला दिसतात, पण तिथून पुढे त्या कुणाला सांगायच्या, याची सोय मी पाहिलेल्या एकाही कारखान्यात नव्हती.

आमच्याकडे शिफ्ट आठवड्याला बदलायची आणि नवा तक्ता शनिवारी संध्याकाळी फळ्यावर लागायचा. डिस्पॅच अडकले की तोही बदलायचा. मग रात्री फोन, 'उद्या फर्स्टला नको, थर्डला ये.' थर्ड म्हणजे रात्रपाळी. आपल्याकडचा कामगार वडणगे, टोप, हेर्ले, उचगाव अशा गावांतून येतो. घरी एक-दोन म्हशी असतात, थोडा ऊस असतो. पहाटे धार काढून दूध डेअरीला घालायचे असते. शेतीपंपाची वीज एखाद्या आठवड्यात दिवसा, एखाद्या आठवड्यात रात्री येते, पण तिचे वेळापत्रक आधी कळते. त्यावरून भाऊ-भाऊ उसाला पाणी पाजायच्या रात्री वाटून घेतात. कंपनीची शिफ्ट मात्र आदल्या दिवशी कळणार. थर्ड करून आलेला माणूस धार काढतो, पोरांना शाळेत सोडतो आणि पत्र्याखाली भर दुपारी झोपायला बघतो. 'मॅडम, पडून ऱ्हातोय, पन झोपल्यासारखं वाटंना,' हे मी किती जणांकडून ऐकले. ही माणसे चौदाशे अंशांच्या आसपास तापलेले लोखंड साच्यात ओततात. त्यांच्या झोपेची काळजी ही कारखान्याच्या सुरक्षिततेचीच बाब आहे.

शिफ्ट फिरवायचीच असेल तर पहिली, मग दुसरी, मग तिसरी अशी पुढे सरकवावी, शरीराला ती त्यातल्या त्यात सोसते. उलट्या क्रमाने फिरवली तर जड जाते. थर्ड संपवून मधे पुरती विश्रांती न देता फर्स्टला बोलावणे तर बंदच व्हायला हवे. यात खर्च काहीच नाही, तक्ता करणाऱ्याने थोडे डोके लावायचे एवढेच.

मालक म्हणतील, गिऱ्हाइकाचे शेड्यूलच आम्हाला आदल्या दिवशी कळते. काही वेळा ते खरेही असते. पण विजेचा दर कोणत्या तासाला किती, हे बघून भट्टी कधी लावायची ते आपण आधी ठरवतोच. मशीनच्या देखभालीचा तक्ता महिनाभर आधी तयार असतो. मग माणसांचाच तेवढा आयत्या वेळी का? आणि हे जमते, हे मी पाहिलेले आहे. २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. पाणी ओसरल्यावर आमच्या मालकांनी सांगितले की, ज्यांच्या घरात पाणी शिरलेय त्यांना जमेल ती शिफ्ट द्या आणि महिनाभर ती बदलू नका. त्या महिन्यात खाडे वाढतील अशी सगळ्यांना भीती होती. खाडे कमी झाले. महिना संपला आणि तक्ता पुन्हा शनिवारवर आला, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट ईएसआयची. कोअर शॉपमधल्या एका कामगाराची बायको एकदा माझ्या खिडकीशी आली. नवरा बोलायचा बंद झाला होता, रात्र-रात्र अंगणात बसायचा. आधी देवऋषी झाला, मग शहरातल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे रोखीने उपचार चालू होते, त्यासाठी दागिने मोडले होते. दर महिन्याला पगारातून ईएसआय कापला जात असूनही हा आजार त्यात बसतो, हे त्या घराला कुणी सांगितले नव्हते. संपादक महोदय, हे कृपया ठळक छापा. पगार एकवीस हजारांपर्यंत असलेल्या विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळते. दीर्घ आजारांची जी वेगळी यादी आहे, तिच्यात स्किझोफ्रेनिया आणि नैराश्याचा गंभीर प्रकारही आहे. त्यांना ऐंशी टक्के वेतन, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी मात्र सलग दोन वर्षे विमापात्र नोकरी लागते. कंत्राटी पोरांना कागदोपत्री 'ब्रेक' दिला जातो तेव्हा त्यांची ही सलगताच तुटते. ज्यांना आधाराची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच बाहेर राहतात. मला हा उघड अन्याय वाटतो.

फोरमनच्या तोंडाबद्दलही लिहायला हवे. रिजेक्शन वाढले की चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या देणे आपल्याकडे कामाचाच भाग समजले जाते. त्या फोरमनवरही वरून तेवढाच दाब असतो, हे मला माहीत आहे. तरी चूक केबिनमध्ये बोलावून सांगता येते.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. २०२४ मध्ये त्याचा विषयच कामाच्या जागेचे मानसिक आरोग्य हा होता. त्या दिवशी व्याख्याने होतात, ती व्हावीतच. पण व्याख्यान ऐकून घरी गेलेल्या माणसाला रात्री पुन्हा शिफ्ट बदलल्याचा फोन येणार असेल, तर त्या व्याख्यानाने त्याला काय मिळाले?

म्हणून स्मॅक, गोशिमा आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या आपल्या कारखानदारांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे की, शिफ्टचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी लावण्याचा नियम सभासदांनी एकत्र बसून करावा. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही कामाच्या वेळांची नोटीस ठळक जागी लावायला सांगितले होते, तेव्हा ही मागणी काही नवी नाही. आयत्या वेळी बदल करावाच लागला तर तो आधी राजी असणाऱ्यांतून करावा आणि नाही म्हणणाऱ्याच्या नावावर फुली पडू नये. त्याच फळ्यावर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. मन खचलेल्या माणसाला फोनवर बोलून आधार देणारी सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येते. थर्ड शिफ्टच्या माणसाला रात्री तीन वाजता दुसरे कोण भेटणार?

लहान फाउंड्रीत माणसे कमी, त्यामुळे असा तक्ता बसत नाही, असे कुणाला वाटत असेल तर मी तो कागदावर मांडून द्यायला तयार आहे. पैसे नकोत. माणसांची नावे, त्यांची गावे आणि भट्टीच्या वेळा तेवढ्या द्याव्यात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी,
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर