मराठी चित्रपटाला मराठी सबटायटल्स द्या

मा. संपादक,
स. न.

गेला महिनाभर आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही दोघी टीव्हीवर एखादा मराठी चित्रपट लावायचो. आई ८२ वर्षांची. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून रोजचा पेपर अग्रलेखासकट वाचून काढते. ऐकू मात्र फार कमी येतं. कानाच्या यंत्रातून संवादांपेक्षा पार्श्वसंगीतच मोठं ऐकू येतं, म्हणून चित्रपट बघताना ती यंत्र काढूनच ठेवते.

पहिल्यांदा ‘फँड्री’ लावला. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. आवाज आईपर्यंत पोचलाच नव्हता. तरी ती पटकन म्हणाली, “जन गण मन लागलंय ना गं?” मला भरून आलं. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट मी आधी दोनदा पाहिला होता, पण त्या प्रसंगाची ताकद मला त्या रात्री कळली.

‘श्वास’ला मात्र अडलो. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे डॉक्टर आजोबांना सांगतात, तिथे सगळं हळू आवाजातल्या बोलण्यावर आहे. अरुण नलावडे यांचा चेहरा बघून काहीतरी वाईट घडतंय एवढं आईला कळलं, पण काय ते कळेना. शेवटी मी चित्रपट थांबवला आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत डॉक्टरांचं बोलणं लिहून दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, मग म्हणाली, “लाव पुढे.” ‘श्यामची आई’नंतर तब्बल ५० वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा हा चित्रपट माझ्या आईने दुधाच्या वहीतून पाहिला.

‘कोर्ट’ मला फार आवडला. आईला खटला फारसा समजला नाही, पण सरकारी वकील बाई लोकलने घरी येऊन स्वयंपाकाला लागते, ते तिने अगदी मन लावून पाहिलं. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तिला आवडला. मला त्यात फाळक्यांची ओढाताण जरा जास्तच हसतखेळत दाखवल्यासारखी वाटली. ‘किल्ला’तला पाऊस दोघींनाही आवडला.

वाईट वाटलं ते ‘एलिझाबेथ एकादशी’चं. आईचं माहेर पंढरपूरजवळचं. त्या पोरांची तिथली बोली, त्यांचं भांडण, यात्रेत बांगड्या विकतानाची धांदल, यातलं सगळं तिच्या ओळखीचं. पण मुलं इतकी भरभर बोलतात की मला लिहायलाही सवड मिळेना. खाली इंग्रजी सबटायटल्स येत होती, मराठीचा पर्यायच नव्हता. आम्ही पाहिलेल्या एकाही चित्रपटाला तो नव्हता. मराठी उत्तम वाचणाऱ्या बाईला मराठी चित्रपट इंग्रजीतून वाचायला लागावा, आणि इंग्रजी येत नाही म्हणून तिने नुसतं बघत बसावं, हे मला पटत नाही.

हे काम फार खर्चाचं असेल असं वाटत नाही. संहिता मराठीतच लिहिलेली असते आणि इंग्रजी सबटायटल्ससाठी प्रत्येक वाक्याची वेळही आधीच लावलेली असते. मूकपटांच्या काळात तर पडद्यावर मजकूर लिहून येत असे, आणि ऐकू न येणारा माणूसही बाकीच्यांइतकाच चित्रपट बघू शकत असे. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावरची अक्षरं आणि न दिसणाऱ्यांसाठी ध्वनिवर्णन, अशा सोयी त्यात सांगितल्या आहेत. पण प्लास्टर घातलेली म्हातारी माणसं चित्रपट घरीच बघतात. तेव्हा निर्मात्यांनी, वाहिन्यांनी आणि ओटीटीवाल्यांनी नव्या चित्रपटांबरोबर जुन्यांनाही मराठी सबटायटल्स द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपणही हा विषय लावून धरावा.

आईचं प्लास्टर परवा निघालं. ‘एलिझाबेथ एकादशी’ तिला पुन्हा बघायचा आहे. तूर्त मीच त्यातले संवाद ऐकून वहीत उतरवायला घेतलेत. पहिली वीस मिनिटं झाली आहेत.

आपली नियमित वाचक,
सातारा