आप्पा, त्या तीन लाद्यांबद्दल

आप्पा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या हातातच द्यायला हवं होतं. पण तुम्ही ते घडी घालून बंडीच्या खिशात टाकलं असतं आणि ‘‘चहा पी ले’’ म्हणून विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. नातवाला सांगून ठेवलंय, तो मोबाइलवर वाचून दाखवेल. मधेच उठून कॉम्प्रेसर बघायला जाऊ नका.

बाकीच्यांसाठी एवढंच सांगते, की आप्पा अमळनेरच्या एका बर्फाच्या कारखान्यात मिस्तरी आहेत आणि मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. यंदा जूनमध्ये आम्ही चौघं लाहौलमधल्या एका बिननावाच्या डोंगरावर, उत्तरेकडच्या बर्फाच्या घळीतून, नव्या वाटेने चढलो. या घळीतून आधी कोणी गेल्याची नोंद आम्हाला तरी सापडली नाही. उंची साडेपाच हजार मीटरच्या आसपास. परवानग्या, तंबू, रसद यांचं रामायण इथे लावत नाही. ते ज्याला हवं त्याने मला भेटून विचारावं, जेवायच्या आधी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर असतो. गच्चीवर दोन बादल्या पाणी मारून झोपलं तरी फरशी पाठ शेकते. अशा गावातली पोर बर्फावर चढायचं म्हणाली तर लोक हसणारच. ‘‘बर्फ बघायचाय तर फ्रीज उघड’’ असं म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही, मीही हसले असते. राग आहे तो न हसणाऱ्यांवर.

एका पुढाऱ्याच्या ऑफिसात मला शाल, नारळ आणि गुच्छ मिळाला. फोटो निघाला, छापूनही आला. ‘सर्वतोपरी मदत करू’ हे शब्द मी आईला दोनदा वाचून दाखवले. मग चार महिने फोन केले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब आत्ताच जेवायला बसले. शेवटी तिथल्या माणसाने विचारलं, ‘‘ताई, शाल तर चांगली होती ना?’’ एका मोठ्या शहरातल्या क्लबात माझा फॉर्म बघून विचारलं गेलं, ‘‘जळगाव जिल्हा? मग केळी नाही आणली?’’ सगळे हसले, मीही हसले आणि फॉर्म तिथेच राहिला.

सगळ्यात लागलं ते दोन वर्षांपूर्वी. पगारातले पैसे साठवून एका मोहिमेत गेले. पहिल्याच बर्फाच्या भिंतीवर मी जिवाच्या आकांताने आइस-अ‍ॅक्स हाणली, ताटाएवढी खपली निघाली आणि थेट हनुवटीवर बसली. चार टाके पडले. मोहिमेचा म्होरक्या म्हणाला, गरम मुलखातल्या लोकांना बर्फाची जाण नसते, आणि मला खाली तंबूत बसवलं. जाण नव्हती हे खरंच होतं, आप्पा. पण ती यावी म्हणूनच तर मी पैसे भरले होते.

तुमची गाठ पडली ती मावसबहिणीच्या लग्नामुळे. मंडपातल्या कूलरच्या टाक्यांत टाकायला बर्फ हवा होता, मी रिक्षा घेऊन आले होते. तुम्ही एक लादी फोडत होता. फोडण्याआधी टोच्याच्या मुठीने दोनदा ठोकलंत, मान वाकडी करून ऐकलंत, वीतभर सरकून पुन्हा ठोकलंत. मग एकच घाव. दीडशे किलोची लादी करवतीने कापावी तशी सरळ दुभंगली. मी विचारलं, आधी ठोकलं कशाला? तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘‘बरफ बोलस. आयकनं पडस.’’

मी तिथेच हनुवटी वर करून व्रण दाखवला. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, ‘‘तवय सकाय व्हती का?’’ सकाळच होती, उन्हं यायच्या आधीची, कडक थंडीची. तुम्ही मान हलवली. टाकीतून नुकती काढलेली लादी ठोकली की अशीच फुटते, म्हणालात, गार बर्फ तापट असतो. ‘‘त्याले पयले घाम येऊ दे, मंग मार.’’ आणि गिऱ्हाईक घाईत असेल तर? तर एक जोरात हाणायचा नाही. एकाच जागी तीन बारीक टोले मारायचे, आधी खळगा करायचा आणि मग त्या खळग्यात मारायचं.

गिर्यारोहणाच्या कोर्सच्या पुस्तकात हेच इंग्रजीत लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलंही होतं. पण ऐकलं नव्हतं.

मग दर रविवारी रात्री आठनंतर मी यायला लागले. गोडाऊनच्या भिंतीला तुम्ही सहा लाद्या दोन थरांत उभ्या करून, मधल्या फटीत पाणी सोडून, चिकटवून दिल्या. माझ्या डोक्याच्या वर हातभर गेलेली ती भिंत. जुने क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी दात, घालून मी त्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सरकत असायचे आणि तुम्ही उलट्या डब्यावर बसून बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून ऐकायचात. मला वाटायचं तुम्ही झोपलाय. आणि मग आवाज यायचा, ‘‘ती जागा सोड, याना पोटमा हवा शे.’’

डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं, म्हणून कडेचा बर्फ काचेसारखा आणि सगळी हवा, सगळा क्षार मधल्या गाभ्यात ढकललेला, म्हणून तो पांढरा, हे मला तुम्ही शिकवलंत. पांढरा पट्टा बद्द वाजतो, काच ठणठणते. डबे ज्या मिठाच्या पाण्यात उभे असतात ते शून्याखाली जाऊनही गोठत नाही, आणि त्यात बुडालेला हात बर्फापेक्षा वाईट भाजतो, हेही तिथेच कळलं. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानेच बधिर झाली आहेत. ती दाखवून तुम्ही मला एक गोष्ट दहा वेळा बजावलीत, की बोटं पांढरी पडली तर चोळायची नाहीत, काखेत घालायची. डॉक्टरही हेच सांगतात.

आणि ती कप्पीची रात्र. उतरताना दोर अडकवायला बर्फात दोन तिरपी भोकं पाडतात, ती आत एकमेकांना मिळतात, त्यातून दोरी ओवली की झाला आधार. अबालाकोव्ह नावाच्या सोव्हिएत गिर्यारोहकाच्या नावाने हे ओळखलं जातं. मी पांढरा पट्टा सोडून, काचेच्या भागात, बर्फात फिरवून बसवायच्या १६ सेंटिमीटरच्या पोकळ स्क्रूने तशी भोकं पाडली आणि ७ मिलिमीटरची दोरी ओवून गाठ मारली. तुम्ही विचारलंत, यावर तू लटकणार? मी हो म्हणाले. तुम्ही काही न बोलता डबे उचलायची चेन पुली आणलीत, आकडा त्या दोरीत घातलात आणि अख्खी लादी स्वतःच्याच पोटातल्या दोरीवर अधांतरी टांगलीत. माझ्या तिप्पट वजन. आपण खाली बसून चहा प्यालो. लादीला घाम सुटला, थेंब पडत राहिले, दोरी जागची हलली नाही. ‘‘आते लटक,’’ म्हणालात.

भोकं पाडलेल्या लाद्या खाण्यात जाऊ नयेत म्हणून तुम्ही त्या वेगळ्या काढून मंडपवाल्यांना कूलरसाठी द्यायचात. या उन्हाळ्यात अमळनेरच्या किती नवरदेवांनी माझ्या क्रॅम्पॉनची हवा खाल्ली, देव जाणे.

पण आभार मानायचेत ते यासाठी नाही. म्हणजे यासाठीही आहेत. पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते तुम्हाला माहीतच नाही.

वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली. बोरीच्या पात्रात पाय ठेवायला जागा नव्हती. गोळेवाले, रसवंतीवाले, सरबतवाले, सगळ्यांना बर्फ हवा होता, आणि त्यात लाइट गेलेली. कॉम्प्रेसर बंद, टाकीतले डबे अर्धवट. त्या रविवारी सराव शक्यच नव्हता, तेवढं सांगायला मी आले होते. कारखान्याच्या दारात ही गर्दी. हातगाड्या, सायकली, आरडाओरडा. मी मागच्या दाराने आत डोकावले.

कोपऱ्यात भुशात तीन लाद्या होत्या, वर गोणपाट. त्या गोणपाटावर डब्यांना नंबर टाकायच्या लाल ऑइलपेंटने, चौथी शिकलेल्या माणसाच्या वाकड्या अक्षरात, लिहिलं होतं: पोरनं शे. पोरीचं आहे. आणि त्यावर तुम्ही बसला होता. एक गोळेवाला दुप्पट भाव सांगत होता. तुम्ही म्हणालात, ‘‘ह्या मन्या नहीत.’’ त्याने विचारलं, मग कोणाच्या? तुम्ही बोटाने खाली गोणपाटाकडे दाखवलंत. त्याने वाचलं, तो काहीतरी पुटपुटला आणि गेला. त्याच्यामागून दुसरा आला. तुम्ही पुन्हा खाली बोट दाखवलंत.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पुढे येऊन ‘‘आप्पा, देऊन टाका, मला नकोत’’ असं म्हणायला हवं होतं. तहानलेली माणसं होती दारात. मी म्हणाले नाही. मी तशीच मागच्या मागे घरी गेले. त्याची लाज अजून वाटते, आणि तरी सांगते, तो क्षण मला कोणालाच द्यायचा नव्हता. मला शाल मिळालेली आहे, आप्पा. माझं नाव बॅनरवर आलंय. पण माझ्यासाठी राखून ठेवलेल्या जागेवर कोणी बसून राहिलंय, असं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही निरोप पाठवलात, लाइट आलीय, ये. त्या तीन लाद्यांवर मी इतका वाईट सराव केला की तुम्हाला शंका आली. ताप आहे का, विचारलंत. ताप नव्हता. जाताना ते गोणपाट मी मागून घेतलं. तुम्हाला वाटलं, सामान बांधायला.

सामान बांधलं नाही. भुसावळला गाडी बदलताना, दिल्लीच्या स्टँडवर, मनालीपुढच्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून जाताना ते माझ्या सॅकच्या तळाशी होतं. वर तळावर त्याला काम मिळालं. बर्फावर स्टोव्ह नुसता ठेवला की खालचा बर्फ वितळून तो कलंडतो, म्हणून खाली काहीतरी लागतं. जोडीदारांनी प्लायचे तुकडे आणले होते, मी चार घड्या घालून गोणपाट. रोज संध्याकाळी तुमच्या अक्षरावर आमचा भात शिजत होता.

चढाईच्या रात्री एकला निघालो. घळ उत्तरेची असली तरी जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो, लवकरच ऊन आत शिरतं, आणि ऊन शिरलं की गोठलेले दगड सुटायला लागतात. खालचा पन्नास अंशांचा उतार रात्रीच्या थंडीने घट्ट झाला होता, तो पटपट सरला. पहाटे साडेचारला ती पायरी समोर आली. चाळीसेक मीटर, जवळपास उभी, निव्वळ बर्फ. पुढे कोणी जायचं? तिघांनी माझ्याकडे बघितलं. आमच्यातल्या नाशिकच्या पोराने नंतर कबूल केलं की त्याला वाटलं होतं मी नाही म्हणेन.

हेडलाइटमध्ये बर्फ सगळा सारखाच दिसतो. मी अ‍ॅक्सच्या मुठीने ठोकलं. बद्द. वीतभर सरकले. बद्द. खालून ओरडले, काय चाललंय? मी उत्तर दिलं नाही, मी ऐकत होते. डावीकडे दोन हातांवर ठणठणलं. तिथे तीन बारीक टोले, खळगा, मग घाव. खपली निघाली नाही. पहिला स्क्रू फिरवला तेव्हा त्याच्या पोकळ नळीतून बर्फाची सलग कांडी बाहेर आली, सोऱ्यातून शेव पडावी तशी. आत हवा असती तर तुकडे आले असते. मी हसले बहुतेक, कारण खालून पुन्हा ओरडले.

वरचं लिहीत नाही. माथ्यावर वारा फार होता, फोटोत चौघांचीही तोंडं सुजलेली दिसतात. उतरताना त्याच पायरीवर भोकं पाडून दोरी ओवली आणि बाकीच्या तिघांनी तिच्याकडे संशयाने बघितलं. मी म्हणाले, यावर दीडशे किलो चहा संपेपर्यंत टांगलेले मी बघितलेत. आणि पहिली उतरले. एका बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. चोळलं नाही, काखेत घातलं. आता ठीक आहे.

परतीच्या वाटेवर मी सारखी माणसं मोजत होते. लाहौलमध्ये सिस्सूच्या ढाब्यावरच्या बाईने आमचे ओले मोजे न सांगता चुलीशेजारी वाळत घातले होते. भुसावळच्या पुलावर एका म्हाताऱ्याने माझ्या पोत्याचं एक टोक धरलं आणि खाली उतरल्यावर नावही न विचारता निघून गेला. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई लागते, फलकावर देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं. पहाटे डोक्यावरून घागरी आणून माठ भरणारी बाई कोण, हे मी इतकी वर्षं तिथे पाणी पिऊनही विचारलं नव्हतं. आल्यावर विचारलं. आमच्याच गल्लीच्या मागे राहते. तिला वाटलं माझी काही तक्रार आहे.

गावात आल्यावर पुन्हा एका ऑफिसातून फोन आला, सत्काराची तारीख विचारायला. मी म्हटलं, रविवारी जमणार नाही, मला कारखान्यात जायचंय.

गोणपाट धुऊन दोरीवर टाकलंय. रॉकेलचा वास जात नाही. स्टोव्हने एक कोपरा जळाला, त्यात ‘पोरनं’मधला ‘पो’ गेला. नवा लाल रंग मिळाला तर घेऊन येते, तुमच्याच हाताने तेवढं पुन्हा लिहून द्या. आणि २२ सेंटिमीटरचा नवा स्क्रू घेतलाय, तो कसा वाजतो ते तुम्हाला ऐकवायचंय. पावसाळ्यात बर्फाला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा एखादी लादी निघेल. यावेळी पैसे घ्यावे लागतील.

तुमची,
जिनिंगमधली पोर