कुडाळच्या फ्लेक्सवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले, तर "बरा, बरा, गिरायक उभा आसा" म्हणत तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे उघड पत्र. आता तुमची गिऱ्हाइकंच वाचू देत.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात एका निवृत्त मास्तरांच्या घरून पुस्तकांची पेटी आली. तळाशी जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथा होत्या. १९०९ ची इंग्रजी आवृत्ती, आर्थर रॅकमची ४० रंगीत चित्रं. शिवण सुटलेली, पाठीला कसर लागलेली; पण गुळगुळीत कागदावरची चित्रं बरीचशी शाबूत. पुस्तक मुलांच्या हातात देणं शक्य नव्हतं, तेव्हा निदान बारा चित्रं भिंतीवर लावू म्हटलं.

आधी एके ठिकाणी छापून घेतली (कुठे, ते जाऊ दे). लाल टोपीवाल्या मुलीचा झगा निवडणुकीच्या झेंड्यासारखा भडक आला आणि सगळ्या रानावर कसलीशी चौकड्यांची नक्षी उमटली. तुमच्या दुकानात शिरले तेव्हा वाढदिवसाचा दहा फुटी बॅनर छापून निघत होता. इथे काय होणार, असं मनात आलंच. माफ करा.

तुम्ही आधी हात धुऊन पुसलेत. मग भिंग माझ्या हातात दिलंत. त्या झग्यात लाल शाई कुठेच नव्हती! किरमिजी आणि पिवळे ठिपके, एकमेकांना खेटून. बुंध्याच्या तपकिरीत त्यांच्या जोडीला निळे. एकावर एक दोन मच्छरदाण्या धरल्या की कशा लाटा दिसतात, तसंच छापील ठिपक्यांवर स्कॅनरची जाळी पडली की होतं, हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा कुठे त्या नक्षीचा उलगडा झाला. तुम्ही १२०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला १२०० बिंदू) स्कॅन केलंत, ठिपके एकमेकांत मिसळतील इतपतच चित्र मऊ केलंत आणि मग लहान केलंत. एकेका चित्राला एकेक संध्याकाळ. "ताई, ह्या चित्रांक घाई चलाची नाय."

आपलं भांडण झालं ते पिवळेपणावरून. मला कागद पांढराशुभ्र हवा होता. तुम्ही तसा एक नमुना काढून दाखवलात, आणि रॅकमच्या रेघा त्यावर सुट्या, कोरड्या दिसायला लागल्या. तो शाईच्या बारीक रेघांवर जलरंगाचे पातळ थर चढवायचा. मातकट सावली काढली की त्याच्या झाडांमधला काळोखच जातो. शेवटी डाग तेवढे काढलेत आणि कागदाचा जुना रंग राहू दिलात. तुमचं बरोबर होतं. झग्याचा लाल तर तुम्ही सुकत घातलेल्या रातांब्याच्या सालीशी ताडून पाहिलात, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही.

आणखी एक. "हक्कांचा काय?" हे तुम्ही स्वतःहून विचारलंत. रॅकम १९३९ मध्ये वारला, आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे तो केव्हाच संपला, हे सांगितल्यावरच मशीन सुरू केलंत. वर अट घातलीत: प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव, साल आणि 'प्रत' हा शब्द हवा. तशा चिठ्ठ्या लावल्या आहेत.

पैसे फक्त सुती कागदाचे आणि पिगमेंट शाईचे घेतलेत. मेहनतीचं विचारलं, तर चहा मागवलात.

पोरांचं सांगते. चेटकीण कुबडी टेकत घराबाहेर येते, त्या चित्रापाशी सगळ्यात जास्त गर्दी. काचेऐवजी ॲक्रिलिक लावायला लावलंत ते बरं झालं, त्यावर रोज नाकांचे ठसे पुसावे लागतात. वेड्यावाकड्या मुळांचं झाड बघून दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "ह्या आमच्या देवराईतला." तिला जर्मनी वगैरे सांगायच्या भानगडीत मी पडले नाही.

पाऊस लागल्यावर फ्रेमा काढून बघा म्हणाला होतात. काल बघितल्या. चिऱ्याची भिंत घामेजली आहे, बोट फिरवलं तर ओलं होतं. पण मागे चारही कोपऱ्यांना तुम्ही चिकटवलेल्या बुचाच्या तुकड्यांमुळे मधून वारा खेळतो. बाराही फ्रेमा पाठीमागून कोरड्या आहेत.

तुमची,
वाचनालयातली ताई