विंटरहेवनच्या त्या रात्रीसाठी मनापासून आभार

सॅन दिएगोहून ॲरिझोनाकडे जाताना इंटरस्टेट ८ वर आमच्या भाड्याच्या आरव्हीचा (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा) जनरेटर बंद पडला, पाठोपाठ फ्रीजही. रात्र झाली तरी उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि फ्रीजमध्ये बाबांचं इन्सुलिन! कॅलिफोर्नियातल्या विंटरहेवन गावाजवळ क्वेचान या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा कॅसिनो आहे, तिथे गाडी वळवली.

गस्तीवरच्या बाईंना रात्रभर थांबू का, एवढंच विचारलं होतं. त्यांनी बाबांचा चेहरा पाहिला आणि आधी आई-बाबांना आत गारव्यात बसवलं. मग बर्फाची बादली आणली. इन्सुलिनचा डबा जाड टॉवेलात गुंडाळला आणि बजावलं, "बर्फ थेट लागू देऊ नका, गोठलं तर वाया जाईल. माझी आईही घेते." ड्यूटी संपताना त्यांनी सहकाऱ्याला सगळं समजावून सांगितलं. तो मध्यरात्री स्वतःहून नवा बर्फ घेऊन आला. पहाटे त्यानेच मेकॅनिक गाठून दिला.

मेकॅनिकची वाट बघताना त्याने जवळचा पायलट नॉब डोंगर दाखवला. त्यांच्या भाषेत तो आवी क्वालाल, क्वेचान लोकांसाठी पवित्र. कोलोरॅडो नदीकाठी हे लोक पिढ्यानपिढ्या राहत आलेत. त्यांच्यासाठी राखलेली जमीन, म्हणजे फोर्ट युमा राखीव क्षेत्र, १८८४ चं, म्हणजे त्यामानाने कालपरवाचं. अशा लोकांच्या अंगणात आम्ही परके, तरी घरच्यांसारखी काळजी घेतली.

त्या बाई, तो तरुण आणि समस्त क्वेचान मंडळी, तुमचे शतशः आभार. बाबा ठणठणीत आहेत.