रद्दीवाले मामांना, तीन जुन्या वह्यांबद्दल

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या दुकानावरून गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. आत मोठा काटा पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवलेला दिसला. शेजारच्या किराणावाल्यानं सांगितलं, मामा महिनाअखेरीला गावी निघाले, कायमचे. घरी आले, कपाटातून वह्या काढल्या आणि त्या पुढ्यात घेऊनच हे पत्र लिहायला बसले आहे.

बारीक अक्षर तुम्हाला आता दिसत नाही, म्हणून नातीला मोठ्यानं वाचायला सांगा. आणि हे मी चारचौघांत लिहिते आहे, कारण आमच्या सहकारनगरात तुम्हाला सगळ्यांनी फक्त भाव विचारला. तुम्ही काय जपलंत ते त्यांनाही कळायला हवं.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढा घरात शिरला तेव्हा आम्ही आईला घेऊन शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो. किती घरांतली माणसं गेली त्या रात्री. आमची सगळी वाचली, त्यामुळे सामानाचं दुःख करायची लाज वाटत होती. सकाळी चिखल उपसताना बाबांच्या अकरा वह्या निघाल्या. राज्याराज्यांतल्या रणजी क्रिकेट स्पर्धेत खेळणाऱ्या महाराष्ट्राच्या संघाची कात्रणं, खळीनं चिकटवलेली, कडेला बाबांची टिपणं. त्यांचा नुसता लगदा झाला होता. मी त्या बाहेरच्या ढिगावर टाकल्या आणि आत वळले. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "ताई, हे टाकू नका. कागद माझा धंदा आहे. मी बघतो."

त्या दिवसांत तुमच्या स्वतःच्या दुकानात पाणी होतं, मामा. तरी तुम्ही त्या वह्या परातीत स्वच्छ पाण्यानं हळूहळू धुतल्यात. एकेक पान सुटं करून कोऱ्या रद्दीच्या दोन घड्यांत ठेवलंत, वरून काट्याची पाच किलोची वजनं. सकाळ-संध्याकाळ घड्या बदलायच्या. पंधरा दिवस. अकरांपैकी तीन वाचल्या. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं पसरलं, पण कडेची टिपणं बाबा पेन्सिलीनं लिहायचे, ती तशीच राहिली. त्या तीन वह्या हातात देताना तुम्ही पैसे घेतले नाहीत. एवढंच विचारलंत, "हे देवधर कोण हो?"

तिथून आपलं क्रिकेट सुरू झालं.

कारण एका वहीच्या पहिल्याच पानावर ऑगस्ट १९९३ चं कात्रण होतं: प्रा. दि. ब. देवधर गेले, वय १०१. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस आपला कर्णधार होता आणि महाराष्ट्रानं रणजी करंडक दोनदाच जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१, दोन्ही वेळा त्यांच्याच हाताखाली. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ केल्या तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. तुम्ही बोटांवर हिशेब केलात आणि म्हणालात, "म्हणजे तेव्हापासून आपण रिकाम्या हातानं?" हो मामा. तेव्हापासून. २०२५-२६ च्या या मोसमात त्याला पंच्याऐंशी वर्षं होतील.

दुसरी वही १९७०-७१ ची. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला गेलेले, उरलेल्या मुंबईचा कर्णधार सुधीर नाईक, आणि आपल्याकडे चंदू बोर्डे. त्या वर्षीच्या रणजीच्या अंतिम सामन्यात आपण ४८ धावांनी हरलो. बाबांनी कडेला फक्त "४८" लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. इतक्या जोरात की पान मागून उठलं आहे. पाण्यानंतरही त्या रेघा बोटाला लागतात.

बाबा दहा वर्षांचे असताना काकांबरोबर पूना क्लबच्या मैदानावर गेले होते, डिसेंबर १९४८. आपले भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा एका डावातला ४५२ चा विक्रम नऊ धावा लांब. जेवणाची सुट्टी झाली आणि समोरच्या काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढं खेळायलाच नकार दिला. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही हातातला गठ्ठा खाली ठेवलात आणि बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "नऊसाठी माप मारलं." बाबा असते तर त्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं असतं. म्हणून मी लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी कधी मागितलं नव्हतं. दर रविवारी तुमचा पोऱ्या एक पाकीट आणून द्यायचा. आठवड्याच्या रद्दीतून काढलेली खेळाची पानं. ज्यांत "महाराष्ट्र" शब्द आहे ती सगळी, मग कधी त्यात महाराष्ट्र केसरी यायची, कधी कबड्डी. चार वेगवेगळ्या पेपरांतून एकाच सामन्याची चार पानं यायची, आणि बरं व्हायचं, कारण एकात धावफलक असे, दुसऱ्यात नुसत्या चार ओळी. घरचा एक पेपर घेऊन रणजी संघाच्या मागं राहता येत नाही, हे पेपर कमी-कमी पानांचे होत गेले तसं मला कळत गेलं. आयपीएलच्या लिलावाला दोन पानं, आणि चार दिवस उन्हात चाळीस षटकं टाकणाऱ्या पोराला एक ओळ. तुमच्या पाकिटाशिवाय मी ती ओळही हरवली असती.

२०२०-२१ ला करोनामुळं रणजी झालीच नाही, स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. त्या वर्षाचं पान मी कोरं ठेवलं आहे, वर फक्त साल.

आणि २८ नोव्हेंबर २०२२! तुम्ही जिना चढून वर आलात, धाप लागलेली, मोबाइल पुढं केलेला. अहमदाबादला विजय हजारे या एकदिवसीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, उत्तर प्रदेशविरुद्ध. आपल्या ऋतुराज गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारले होते, त्यातला एक नो-बॉलवर, षटकात ४३ धावा. स्वतः नाबाद २२०. दुसऱ्या दिवशी तुम्ही सहा पेपरांची पानं आणलीत, सुरकुती नसलेली. पुढं २ डिसेंबरला अंतिम सामन्यात त्यानं १०८ केल्या आणि तरी सौराष्ट्रानं आपल्याला पाच गडी राखून हरवलं. त्या दिवशीचं पाकीटही आलं. हरल्याची पानं तुम्ही कधी गाळली नाहीत. माझ्यासारख्या माणसाला याचं मोल फार आहे, मामा.

आता आपला वाद. जाण्यापूर्वी तो इथं नोंदवून ठेवते.

तुमचं म्हणणं पहिल्यापासून एकच: "ढीग मोठा दिसतो, काट्यावर भरत नाही." आपली फलंदाजी म्हणजे ढीग, वजन गोलंदाजीचं. मी सुरुवातीला भांडले. पण तिसऱ्या वहीतलं शेवटचं कात्रण तुमच्याच बाजूनं बोलतं. ऑक्टोबर २०१६, वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची ५९४ ची अभेद्य भागीदारी. २ बाद ६३५ वर डाव सोडला. बाबांनी स्वतः चिकटवलेलं हे शेवटचं. त्याच डिसेंबरात ते गेले. आणि कडेला पेन्सिलीनं: "दिल्ली ५९०. पंत ३०८. तीनच गुण." निर्णायक विजयाचे सहा मिळतात, पहिल्या डावाच्या आघाडीचे तीन. ६३५ करून सामना अनिर्णित.

उलट त्याच वहीतला जानेवारी २०१४ बघा. मुंबईला त्यांच्याच वानखेडेवर दुसऱ्या डावात १२९ ला गुंडाळलं, म्हणून केदार जाधवच्या नाबाद १२० ला आणि जालन्याच्या विजय झोलच्या ९१ ला अर्थ आला. आठ गडी राखून जिंकलो. त्या मोसमात केदारनं १२२३ धावा केल्या हे सगळ्यांना आठवतं. समद फल्लाहच्या डावऱ्या चेंडूंशिवाय आपण हैदराबादच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो नसतो, हे फार कमी लोकांना आठवतं. तिथं कर्नाटकानं आपल्याला सात गडी राखून हरवलं, कारण त्यांनी ५१५ केल्या आणि आपल्याला त्यांना थांबवता आलं नाही.

तेव्हा काटा तुमचा खरा. हे मी कबूल करते.

पण "बाहेरची पोरं कशाला" हे तुमचं मला अजून पटत नाही. एकाच राज्यातले तीन संघ: मुंबईकडे ४२ करंडक, विदर्भानं २०१७-१८ पासून तीन जिंकले, आणि आपण देवधरांवर थांबलेलो. विदर्भाच्या पहिल्या विजयात अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी गेल्या मोसमात आपल्याकडे आला, ही चांगली गोष्ट आहे. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी असा दुहेरी पराक्रम सर्वांत आधी करणारा जलज सक्सेना यंदा आपल्याकडे आहे. तिरुवनंतपुरमच्या पहिल्या सामन्यात धावफलकावर शून्य असताना आपले तीन गडी गेले, पाठोपाठ ५ वर चार, १८ वर पाच. समोर केरळ, जलजचा जुना संघ. त्या पडझडीत ऋतुराजनं ९१ केल्या आणि जलजनं ४९, आणि २३९ करून आपण आघाडी घेतली. त्या ४९ धावा मी ढिगात धरत नाही. त्यांना वजन आहे.

पृथ्वी शॉबद्दल तुम्ही नाक मुरडलंत, कारण तो त्या सामन्याच्या पहिल्या डावात शून्यावर गेला. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध त्यानं १४१ चेंडूंत द्विशतक काढलं, २२२ केल्या, आणि तो सामना आपण निर्णायक जिंकला. त्याला दोन वर्षं द्या. मुंबईतून निघालेला पंचविशीतला मुलगा आहे, बरंच ऐकून घेतलं आहे त्यानं. इथं त्याला शांतपणे खेळू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. मोसमाचे दोन तुकडे केले आहेत. दिवाळीच्या सुमारास लाल चेंडू, म्हणजे चार दिवसांची रणजी, मग दोन महिने पांढरा, म्हणजे मर्यादित षटकांचे सामने, मग जानेवारीच्या उत्तरार्धात पुन्हा लाल. ज्या संघाची कुरकुर गोलंदाजीत आहे त्याला हे फार जड जातं. चार षटकं टाकायची सवय झालेल्या खांद्यानं एकदम दिवसाला वीस टाकायची. गटात कर्नाटक, सौराष्ट्र, मध्य प्रदेश, कुणी सोडणारं नाही. शिवाय ऋतुराज. नुकतंच रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानं भारतासाठी शतक केलं, मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या. पण तो भारताकडून खेळणार तेव्हा आपल्याकडून नसणार, हे धरूनच संघ बांधला पाहिजे. बावणेच्या खांद्यावर किती वर्षं टाकायचं? माझं मत विचाराल तर यंदा बाद फेरी गाठता येईल, करंडक नाही. तीन वर्षांत येईल, जर नाशिक, नगर, सोलापूरकडून दोन खरे वेगवान गोलंदाज उभे राहिले तर. इथं आपलं दोघांचं जुळतं.

आणि हे फक्त आपलं दुखणं नाही. ऑक्टोबर २०२४ ला पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर कसोटीत सँटनरनं १३ बळी घेतले, न्यूझीलंडनं भारताला ११३ धावांनी हरवलं, बारा वर्षांनी आपण घरात मालिका गमावली. नोव्हेंबर २०२५ ला गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेनं ४०८ धावांनी हरवलं. फिरकीवर तास-तास उभं राहणं रणजीतच शिकता येतं. मोठी नावं तिथं दोन सामने हजेरी लावून जातात आणि ज्यांनी ते दहा वर्षं केलं त्यांची नावं चार ओळींच्या बातमीतही बसत नाहीत. हे मला टोचतं, आणि हे कुणाशी बोलावं असं मला पुण्यात एकच माणूस होता.

सहा वर्षांत तुमच्या पाकिटांतून सहा वह्या झाल्या. खळ मीच करते, बाबांसारखी, मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. टिपणं पेन्सिलीनं. वह्या आता वरच्या फडताळात असतात.

आईनं तुमच्यासाठी डिंकाचे लाडू केले आहेत, निघायच्या आदल्या दिवशी घेऊन येते. त्या वेळी गावचा पत्ता पिनकोडसकट लिहून द्या. रणजीचा दुसरा टप्पा सुरू झाला की दर रविवारी इथून पाकीट निघेल. धावफलक मी मोठ्या अक्षरांत स्वतः उतरवून काढीन, नातीला त्रास नको. हरलो तरी पाठवीन.

तुमची ताई,
सहकारनगर, पुणे