‘पॉवर वाढवून मिळेल’ म्हणजे नेमकी किती ज्यूल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छर्ऱ्याच्या बंदुकीत ‘गॅस स्प्रिंग टाकून पॉवर वाढवून मिळेल’ अशा जाहिराती सध्या सांगली, मिरज, तासगाव भागात मोबाइलवर फिरत आहेत. आयटीआयमध्ये फिटर-टर्नरच्या मुलांना शिकवत मी निवृत्त झालो आणि एअर रायफल हा माझा जुना छंद आहे, त्यामुळे नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक आणि द्राक्षबागायतदार असे दोघेही याबाबत माझ्याकडे विचारणा करतात. प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा आपल्या पत्रातून चार गोष्टी मांडाव्यात, असे वाटले.

गॅस स्प्रिंग ही वस्तू मुळात वाईट नाही. नळी मोडून भरायच्या रायफलमध्ये नळीमागच्या सिलिंडरात पोलादी तारेची स्प्रिंग असते. नळी खाली दाबली की पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकून राहते. चाप ओढताच ती पिस्टनला पुढे फेकते, पिस्टनपुढची हवा दाबली जाते आणि बारीक छिद्रातून छर्ऱ्यामागे शिरून त्याला ढकलते. या तारेच्या जागी साधारण 100 बार किंवा त्याहून अधिक दाबाने नायट्रोजन भरलेली बंद नळी बसवली की ती झाली गॅस स्प्रिंग. ब्रिटनमधील थिओबेन कंपनीने 1980 च्या दशकात ही पद्धत एअर रायफलमध्ये रुळवली. छर्रा सुटल्यावर तारेचा जो झणझणाट दस्त्याला टेकलेल्या गालापर्यंत जाणवतो, तो हिच्यात नसतो. तार उलगडताना बंदुकीला बसणारा पीळही नसतो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तार जशी बसत जाते, तसे हिचे होत नाही. धक्का मात्र अधिक तुटक बसतो, आणि गॅस गळाली तर दुरुस्ती नाही, सबंध भागच बदलावा लागतो. एवढे समजून कोणी ती बसवून घेत असेल, तर माझी हरकत नाही.

हरकत आहे ती ‘पॉवर’ या शब्दाच्या विक्रीला. बंदुकीची ताकद एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही. सिलिंडरचा व्यास, पिस्टनची धाव, हवा जाण्याचे छिद्र, पिस्टनवरच्या हवाबंद सीलची अवस्था आणि छर्ऱ्याचे वजन यांचा त्यात मोठा वाटा असतो. सिलिंडर तोच ठेवून मागचा दाब वाढवत गेले, तर एका मर्यादेपुढे पिस्टन हवेच्या गादीवर आपटून उलट उसळतो, वाढलेली ताकद धक्क्यात जाते आणि छर्ऱ्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. नळी मोडायला मात्र दुप्पट जोर लागू लागतो, दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, दुर्बीण बसवली असेल तर तिचा नेम हलतो आणि सील लवकर फाटते. काही कारागीर चाचणीच्या वेळी सिलिंडरात तेलाचे दोन थेंब सोडतात. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते तेल डिझेल इंजिनातल्यासारखे पेटते, मोठा आवाज होतो, नळीतून किंचित धूर येतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. ती ताकद स्प्रिंगची नसते, आणि त्या आगीत सीलचे आयुष्य जळते.

आता कायद्याकडे वळतो. शस्त्र नियम 2016 प्रमाणे .177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तरी ती रायफल परवान्याच्या कक्षेत येते. जाहिरातीत ‘1000 फूट वेग’ असे लिहिलेले असते. नेहमीचा शिशाचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो. तो खरोखरच सेकंदाला 1000 फूट, म्हणजे सुमारे 305 मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साडेचोवीस ज्यूलच्या वर जाते. या छर्ऱ्याची 20 ज्यूलची मर्यादा सुमारे 275 मीटरलाच भरते. हाच वेग 0.35 ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्याने काढून दाखवला असेल, तर ऊर्जा जेमतेम 16 ज्यूल भरते. म्हणजे जाहिरात शब्दशः खरी मानावी, तर गिऱ्हाइकाच्या हाती विनापरवाना शस्त्र येते, आणि हलक्या छर्ऱ्याची करामत मानावी, तर त्याने पैसे कशाचे दिले, हा प्रश्न उरतो.

यात आपल्या हवामानाचाही एक मुद्दा आहे. बंद नळीतल्या गॅसचा दाब तापमानाबरोबर वाढतो. थंडीत पहाटेच्या 10 अंशांपासून जतच्या बाजूच्या मे महिन्यातील 40 अंशांपर्यंत जाताना तो सुमारे दहा टक्क्यांनी चढतो. छर्ऱ्याची ऊर्जा तेवढीच वाढेल असे नाही, पण जानेवारीत 19.5 ज्यूलवर ‘बसवून’ दिलेली रायफल उन्हाळ्यात कायद्याच्या आत राहीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

नेमबाजीसाठी तर या सगळ्याची गरजच नाही. अभिनव बिंद्रा यांनी 2008 मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले, त्या 10 मीटर प्रकारात वापरल्या जाणाऱ्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असतात, आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तिथे लागते ती स्थिरता. मुलाच्या हातात अधिक धक्क्याची रायफल देणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

राहिला प्रश्न द्राक्षबागांचा. मण्यात साखर भरू लागली की पोपट, साळुंक्या, बुलबुल घडांवर तुटून पडतात आणि कर्ज काढून जोपासलेल्या बागेचे नुकसान डोळ्यांदेखत होते, हे मी पाहिले आहे. तरीही या पक्ष्यांना मारणे किंवा जखमी करणे हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे गुन्हा आहे, आणि मोर असेल तर शिक्षा अधिक कडक आहे. शिवाय मांडवाखाली घड उतरवणारी माणसे असतात, बांधापलीकडे दुसऱ्याची बाग असते, आणि वर मारलेला छर्रा कुठे उतरेल याचा भरवसा नसतो. जाळीचा खर्च मोठा आहे, हे मान्य. त्यासाठी अनुदान वाढवून मागावे.

एका प्रकाराबद्दल मात्र कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. मोटारीच्या डिकीचा किंवा पलंगाचा गॅस शॉक कापून, त्याला लेथवर आकार देऊन बंदुकीत बसवण्याचे उद्योग चालतात. त्या शॉकमध्ये झाकण सावकाश उघडावे अशी आतूनच सोय केलेली असते, त्यामुळे बंदुकीला लागणारी झटपट धाव त्याच्यात नसतेच. स्कूटरच्या चाकात दोन बारच्या आसपास हवा असते. त्याच्या कितीतरी पट दाब असलेली बंद नळी कापणे, तिला भोक पाडणे किंवा वेल्डिंगची आच देणे म्हणजे समोर उभ्या असलेल्या कामगाराच्या चेहऱ्याशी खेळ आहे. लेथमालकांनी असे काम सरळ परत पाठवावे.

गॅस स्प्रिंग बसवून देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्रावर छर्ऱ्याचा वेग मोजावा आणि बिलावर रायफलचा क्रमांक, छर्ऱ्याचे वजन, त्या दिवशीचे तापमान, सरासरी वेग आणि ज्यूल लिहून द्यावेत, एवढीच माझी सूचना आहे. हे यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते. जिल्हा क्रीडा संकुलात असे एक यंत्र ठेवून महिन्यातून एकदा कोणालाही आपली रायफल तपासून घेता आली, तर ज्यांनी भाबडेपणाने आधीच ‘पॉवर’ वाढवून घेतली आहे, त्यांनाही आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, ते कळेल.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
विश्रामबाग, सांगली